मूलभूत संशोधन आणि विद्यापीठे : पिंपरीच्या मातीतील एक धडा

पुणे-मुंबई रस्त्यावरील पिंपरी हे एक लहानसे गाव होते, त्या काळात म्हणजे १९५४ साली केंद्र शासनाने तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य या प्रकल्पास लाभले. १९५५ मध्ये कारखान्याचे उत्पादन सुरू झाले आणि भारतात तयार झालेले पेनिसिलिन देशातील रुग्णालयांत पोहोचू लागले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये स्थापना झाली. भोसरी, चिंचवड, आकुर्डी असा पसरत गेलेला कारखान्यांचा पट्टा आज चाकणच्याही पलीकडे गेला आहे. मोटारी, दुचाकी वाहने आणि त्यांचे सुटे भाग यांसाठी हा पट्टा जगभर ओळखला जातो. तथापि या पट्ट्याच्या आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एकात यंत्रांचे भाग घडविले जात नसून हौदांतून बुरशी वाढविली जात होती, हे नव्या पिढीतील अनेकांस ठाऊक नसते.

पेनिसिलिनची कुपी हातात घेतली असता ती एखाद्या कारखान्याच्या कौशल्याचे फळ आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. ते काही अंशी खरेही आहे. परंतु त्या कुपीमागील ज्ञान मुख्यतः विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत निर्माण झाले होते आणि ते निर्माण करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे औषध नव्हतेच. विद्यापीठांतील मूलभूत संशोधनावर शासनाने आणि समाजाने पैसा का खर्च करावा, तो आज कोणत्या मार्गाने खर्च होतो आणि त्यात कोणत्या उणिवा आहेत, हे समजून घेण्यास पिंपरीच्या या कुपीइतके जवळचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

पाझर तलाव आणि विहीर

एखादी ठरावीक गरज भागविण्यासाठी जे संशोधन केले जाते त्यास उपयोजित संशोधन म्हणतात. अमुक रोगावर औषध हवे, अमुक इंजिनास कमी इंधन लागावे, असा हेतू तेथे आधीच निश्चित असतो. याउलट निसर्गातील एखादी घटना कशी घडते एवढेच जाणून घेण्यासाठी केलेला अभ्यास म्हणजे मूलभूत संशोधन होय. त्याचा उपयोग होतो, परंतु तो कोणास, केव्हा आणि कोणत्या रूपाने होईल हे आरंभी सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हा फरक पाझर तलावाच्या दृष्टान्ताने सहज कळेल. विहीर एकाची असते आणि तिचे पाणी कोणाच्या शेतात जाते हे दिसते. पाझर तलावातील पाणी मात्र जमिनीत मुरते आणि कालांतराने खालच्या अंगाच्या अनेक विहिरींना पाणी वाढते. यातील कोणते पाणी तलावाचे, हे कोणासही बोट दाखवून सांगता येत नाही. म्हणूनच एकटा शेतकरी स्वतःच्या पैशाने पाझर तलाव बांधीत नाही. ते काम सार्वजनिक निधीतून करावे लागते. मूलभूत संशोधनाचेही तसेच आहे. त्याचा लाभ ज्याने खर्च केला त्याच्याकडेच येईल याची शाश्वती नसते आणि लाभ मिळण्यास वीस-तीस वर्षेही लागतात. दरवर्षी ताळेबंद मांडणाऱ्या खाजगी उद्योगाने हा भार एकट्याने उचलावा अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

एका कुपीत पाच शास्त्रे

लंडनमधील सेंट मेरी रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना, जंतूंच्या बशीत पडलेल्या बुरशीभोवतालचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. हा शोध सर्वांस परिचित आहे. परंतु त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्यातून औषध निघाले नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी, सूक्ष्मजीव एकमेकांस मारक अशी कोणती द्रव्ये निर्माण करतात, या शास्त्रीय कुतूहलापोटी तो विषय पुन्हा हाती घेतला. रुग्णांचे दुःख दूर करणे हा आपला मूळ हेतू नव्हता, असे फ्लोरी यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले. १९३९ मध्ये त्यांनी मदत मागितली तेव्हा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रारंभी अवघे २५ पौंड मंजूर केले. काम तगले ते मुख्यतः अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अनुदानामुळे. त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली यांना बुरशी वाढविण्यासाठी योग्य पात्रे मिळेनात, तेव्हा त्यांनी रुग्णालयातील शौचपात्रे वापरली. १९४१ मध्ये ज्या पहिल्या रुग्णावर, एका पोलिसावर, हा उपचार झाला तो बरा होऊ लागला होता. परंतु पेनिसिलिनचा साठा संपला आणि तो दगावला. ज्ञान होते, पण पुरेसे द्रव्य तयार करण्याची साधने नव्हती.

सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र ही या कुपीतील दोन शास्त्रे झाली. आता इतरांकडे वळू. पेनिसिलिनच्या रेणूची रचना कशी आहे याविषयी रसायनशास्त्रज्ञांत मतभेद होते. तो वाद ऑक्सफर्ड येथेच डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मिटविला. स्फटिकातून जाताना क्ष-किरणांचे विवर्तन होते हे १९१२ साली म्युनिक विद्यापीठातील माक्स फोन लाउए आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले होते व त्यावरून स्फटिकाची अंतर्रचना कशी काढावी हे ब्रॅग पितापुत्रांनी सिद्ध केले होते. ते शुद्ध भौतिकशास्त्र होते. हॉजकिन यांना क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून अणूंची स्थाने काढण्यास जे गणित लागले ते फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांचे. फूरिए यांनी ते १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, घन पदार्थातून उष्णता कशी वाहते या प्रश्नाच्या संदर्भात मांडले होते. पिंपरी-चाकण पट्ट्यातील अभियंते आज वाहनाच्या कंपनांचे परीक्षण करतात, तेही याच गणिताच्या आधारे.

पाचवे शास्त्र आनुवंशिकीचे. फ्लेमिंग यांच्या बुरशीपासून पेनिसिलिन फारच थोडे मिळे. अमेरिकेतील पिओरिया येथील कृषी प्रयोगशाळेत एका कुजक्या खरबुजावर अधिक उत्पादक बुरशी सापडली. मग तिच्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून अधिकाधिक उत्पादक जाती निवडण्यात आल्या. या कामात विस्कॉन्सिन विद्यापीठाचा वाटा मोठा होता. क्ष-किरणांनी आनुवंशिक गुणांत बदल घडविता येतो हे मुळात कसे कळले? टेक्सास विद्यापीठातील हर्मन म्युलर यांनी १९२७ साली फळमाशीवर केलेल्या प्रयोगांतून. त्या काळी एखाद्या करदात्याने, माशांवर पैसा का उधळता, असा प्रश्न केला असता तर म्युलर यांना पेनिसिलिनकडे बोट दाखविता आले नसते. फ्लेमिंग यांचा शोधही अद्याप लागावयाचा होता.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. फळ कोणत्या शाखेस लागणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा सर्व शाखांना एकाच वेळी पाणी घालावे लागते. हे काम विद्यापीठातच चांगले होते, कारण या सर्व शाखा तेथे एका आवारात नांदतात आणि संशोधनाबरोबरच ते पुढे नेणारे विद्यार्थीही तेथेच तयार होतात.

पिंपरीची माती

हा धडा परदेशी इतिहासापुरता मर्यादित नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने उत्पादनाबरोबर स्वतःची संशोधन शाखाही उभारली आणि ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे शास्त्रीय नियतकालिक पिंपरीहून प्रसिद्ध केले. त्या शाखेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ काम करीत होते. पिकांवरील तांबेरा आणि काणी या रोगांस कारण होणाऱ्या बुरशींचे वर्गीकरण हा त्यांच्या पूर्वीच्या अभ्यासाचा विषय. कोणती बुरशी कोणत्या जातीची, तिचे बीजाणू कसे दिसतात, याच्या नोंदी वर्षानुवर्षे करीत राहणे, हे सामान्य माणसास नीरस व निरुपयोगी वाटणारे काम होय. सूक्ष्मजीवांकडे पाहण्याची जी नजर अशा अभ्यासाने येते, ती मात्र पिंपरीत उपयोगी पडली.

पिंपरीच्या मातीतून त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवा सूक्ष्मजीव मिळाला. त्याचे नाव त्यांनी गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवले. त्याच्यापासून निघालेले बुरशीनाशक प्रतिजैविक म्हणजे हॅमायसिन. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ते जगापुढे आले. बुरशीमुळे होणाऱ्या विकारांवर त्याचा उपयोग झाला. याच संशोधन शाखेतून पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी ऑरिओफंजिन हे दुसरे प्रतिजैविकही मिळाले. हॅमायसिनची रासायनिक रचना अँफोटेरिसिन-बी या औषधाशी मिळतीजुळती आहे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार फैलावला, तेव्हा त्याच अँफोटेरिसिनसाठी महाराष्ट्रातील रुग्णांच्या नातेवाइकांना दारोदार फिरावे लागले होते. बुरशीनाशक औषधांचे संशोधन किती निकडीचे आहे याची जाणीव तेव्हा सर्वांस झाली.

याच वर्गातील आणखी एका औषधाची हकिगत निधीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन महिला शास्त्रज्ञांनी १९५० साली निस्टॅटिन हे बुरशीनाशक जाहीर केले. तेही मातीतील सूक्ष्मजीवापासूनच मिळाले होते व त्याचे नाव राज्याच्या नावावरून ठेवले होते. एकस्वापोटी मिळालेले स्वामित्वशुल्क एक कोटी तीस लाख डॉलरच्या घरात गेले. त्या दोघींनी ते स्वतःकडे न घेता सर्व रक्कम शास्त्रीय संशोधनास साहाय्य करण्यासाठी दिली. एका सरकारी प्रयोगशाळेतील कामातून असा निधी उभा राहिला की, त्यातून पुढे अनेक संशोधकांची कामे चालली.

पैसा कोणत्या वाटेने येतो?

आपल्याकडील विद्यापीठांत संशोधनास लागणारा पैसा साधारणतः चार वाटांनी येतो. पहिली वाट नित्य अनुदानाची. राज्य विद्यापीठांतील मंजूर अध्यापकांचे वेतन मुख्यतः राज्य शासनाच्या अनुदानातून होते. अध्यापकच नसेल तर संशोधनही नसते. म्हणून या अनुदानास संशोधनाचा पाया म्हटले पाहिजे. पद रिक्त राहिले की शिकविण्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि प्रयोगशाळेस वेळ उरत नाही.

दुसरी वाट विद्यापीठ अनुदान आयोगाची. १९५६ च्या अधिनियमाने या आयोगास वैधानिक दर्जा मिळाला. विद्यापीठांतील मूलभूत शास्त्रांची स्थिती चिंताजनक झाल्याचे जाणवल्यावर २००५ साली केंद्र शासनाने एक कृतिदल नेमले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात दीर्घकाळ काम केलेले प्रा. मनमोहन शर्मा त्याचे अध्यक्ष होते. त्याच्या शिफारशींवरून आयोगाने मूलभूत शास्त्रीय संशोधनाची खास योजना राबविली. संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती, विभागांना उपकरणांसाठी अनुदान, नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांना काम सुरू करण्यापुरती रक्कम, असे तिचे स्वरूप होते.

तिसरी वाट प्रकल्प अनुदानाची. १९७१ साली केंद्रात विज्ञान व तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग निघाला. २००८ च्या अधिनियमाने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ अस्तित्वात आले. आता त्या मंडळाची जागा २०२३ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. या पद्धतीत अध्यापक आपल्या कल्पनेचा प्रस्ताव पाठवितो. त्या विषयातील तज्ज्ञांचे अभिप्राय मागविले जातात, समिती छाननी करते आणि प्रस्ताव स्वीकारला गेल्यास बहुधा तीन वर्षांसाठी रक्कम मंजूर होते. ती हप्त्यांनी मिळते. मागील खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाल्यावर पुढचा हप्ता सुटतो. एकट्यादुकट्या अध्यापकाऐवजी संपूर्ण विभागाची साधनसामग्री सुधारण्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००० सालापासून वेगळी योजनाही चालविली आहे.

चौथी वाट अधिछात्रवृत्तीची. ती थेट विद्यार्थ्याकडे जाते. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीत ४२,००० रुपये असा दर ठरला. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या क्षेत्रातील समाजघटकांतून येणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. घरातील पहिलाच पदवीधर असलेल्या मुलामुलींपुढे संशोधन की नोकरी असा प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर पुष्कळदा या दरमहा रकमेवर अवलंबून असते.

शंभर रुपयांचा हिशेब

केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशात संशोधन व विकासावर एकूण सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च झाले. राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करता हे प्रमाण ०.६४ टक्के होते. चीनमध्ये ते सुमारे २.४ टक्के आणि दक्षिण कोरियात साडेचार टक्क्यांहून अधिक होते. आपल्या खर्चातील प्रत्येक शंभर रुपयांपैकी जवळजवळ ४४ रुपये केंद्र शासनाच्या संस्थांतून आणि सुमारे ३६ रुपये खाजगी उद्योगांतून खर्च झाले. उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा ८.८ रुपयांचा, म्हणजे नऊ रुपयांहूनही कमी होता. जर्मनीसारख्या देशात हा वाटा याच्या दुपटीएवढा असतो.

या नऊ रुपयांत देशातील सर्व विद्यापीठे, तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय संस्था आणि महाविद्यालये आली. दुसरीकडे, नीती आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील बहुसंख्य महाविद्यालयीन विद्यार्थीही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत आहेत. ज्या ठिकाणी सर्वाधिक विद्यार्थी, त्याच ठिकाणी संशोधनाचा निधी सर्वांत तुटपुंजा, ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे. नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाने आघाडीच्या संस्थेस केंद्रस्थानी ठेवून तिच्याशी राज्य विद्यापीठे जोडण्याची योजना आखली आहे, ती या दृष्टीने उपयुक्त ठरावी.

या प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या पाच वर्षांकरिता ५०,००० कोटी रुपयांचे नियोजन करण्यात आले. त्यांपैकी १४,००० कोटी शासनाकडून आणि उरलेले उद्योग, सार्वजनिक उपक्रम व देणग्या यांतून यावेत अशी अपेक्षा ठेवण्यात आली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने संशोधन, विकास व नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांची आणखी एक योजना मंजूर केली. परंतु तिचा भर खाजगी क्षेत्रास दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे साहाय्य देण्यावर असून प्राथमिक टप्पा ओलांडलेल्या तंत्रज्ञानासाठी ती आहे. दोन्ही योजना आवश्यक आहेत. मात्र दुसरीचा मोठा आकडा पाहून पहिलीची गरज भागली असे समजू नये. पूर्वीच्या दृष्टान्ताने सांगावयाचे तर दुसरी योजना विहिरीवर पंप बसविण्यासाठी आहे, तलाव बांधण्यासाठी नाही.

वेळेचे मोल

निधी किती मिळाला याइतकेच तो केव्हा मिळाला यास महत्त्व आहे. रस्त्याचे काम पैशाअभावी सहा महिने थांबले तर तेथूनच पुढे सुरू करता येते. प्रयोगशाळेत तसे होत नाही. सूक्ष्मजीवांच्या जाती अतिशीत तापमानात जपाव्या लागतात, पेशींचे संवर्धन दर काही दिवसांनी नव्या पोषकद्रव्यात हलवावे लागते. शीतकपाटाच्या दुरुस्तीसाठी पैसा नसला किंवा वीज खंडित झाली तर चार वर्षांचे काम एका रात्रीत नष्ट होऊ शकते. हप्ता लांबल्यामुळे अधिछात्रवृत्ती अडकली तर विद्यार्थी घरभाडे देऊ शकत नाही, आणि हुशार विद्यार्थी निघून गेला की त्याच्याबरोबर त्याने कमावलेले हाताचे कसबही जाते.

यास्तव लहान पण अखंड आणि वेळेवर मिळणारे अनुदान हे मोठ्या परंतु अनिश्चित अनुदानापेक्षा अधिक फलदायी ठरते. उपकरण खरेदीसाठी रक्कम मिळते, परंतु ते चालू ठेवण्यासाठी लागणारी रसायने, देखभाल आणि तंत्रज्ञ यांची तरतूद पुष्कळदा राहून जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे जाती जिवंत ठेवण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. अशा कामातून रोज बातमी निघत नाही. पण ते थांबले तर तोटा किती झाला हे कळण्यासही उशीर होतो.

संशोधन एकदा करून भागत नाही, हेही पेनिसिलिननेच शिकविले. बुरशीची उत्पादकता जगभर सतत वाढविली गेली. आजच्या जाती फ्लेमिंग यांच्या बुरशीपेक्षा हजारो पटींनी अधिक पेनिसिलिन देतात. उत्पादकता, कारखान्यांचा आवाका आणि स्वस्त आयात यांच्या स्पर्धेत पिंपरीचा कारखाना मागे पडला आणि गेल्या शतकाच्या अखेरीस आजारी उद्योग ठरला. पुढे पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी देश मुख्यतः चीनमधील आयातीवर विसंबून राहिला. २०२० साली शासनाने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आखल्यानंतर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा परिसरात हे उत्पादन पुन्हा सुरू झाले. जे आपल्याला १९५५ मध्ये साधले होते ते पुन्हा उभारण्याची वेळ आली, यातील बोध स्पष्ट आहे.

एकाने घ्यावे, अनेकांनी वापरावे

काही उपकरणे इतकी महाग असतात की, ती प्रत्येक विद्यापीठास घेणे शक्य नसते. अशा वेळी सामायिक केंद्र हा उत्तम उपाय होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन केले. डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते. लहान गावांतील विद्यापीठांचे व महाविद्यालयांचे अध्यापक सहयोगी म्हणून तेथे येतात, ग्रंथालय व संगणक वापरतात आणि आपल्या विद्यार्थ्यांकडे नवे काम घेऊन परततात.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे जावे. राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगाव आले की जवळच खोडद येथे प्रचंड जाळीदार तबकड्या दिसू लागतात. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण होय. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या असून निरनिराळ्या विद्यापीठांचे व देशविदेशांतील संशोधक तिचा उपयोग करतात. २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय तरंगांचा पुरावा जगातील अनेक गटांनी एकाच वेळी मांडला. त्यांपैकी भारताच्या गटाची निरीक्षणे याच दुर्बिणीची होती. आकाशातून येणारे हे संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे दुर्बिणीच्या परिसरात विद्युत्-चुंबकीय गोंगाट चालत नाही. त्यामुळे वाढत्या औद्योगिक पट्ट्याने आपल्या शेजारच्या या शांततेची काळजी घेणे, हेही संशोधनास दिलेले साहाय्यच आहे. त्यास धनादेश लागत नाही इतकेच.

उद्योगांचे ऋण

आकुर्डी आणि चाकण येथील कारखान्यांतून आज विजेवर चालणारी वाहने बाहेर पडत आहेत. त्यांना चालविणाऱ्या लिथियम-आयन घटाची हकिगतही पेनिसिलिनसारखीच आहे. धातूंच्या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन कसे वागतात याचा दीर्घ अभ्यास केलेल्या जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात १९८० साली लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइडचा उपयोग दाखवून दिला. बाजारात तशा प्रकारचा घट १९९१ मध्ये आला आणि नोबेल पारितोषिक २०१९ मध्ये मिळाले. आज पट्ट्यातील कामगाराच्या हाताशी असलेला घट हा चाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठात मुरलेल्या पाण्याचा उपसा होय.

हे ऋण फेडण्याचा मार्ग कायद्यानेही मोकळा केला आहे. कंपनी कायद्याखाली ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावी लागते. २०१९ मधील दुरुस्तीनंतर सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतील विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या क्षेत्रांतील संशोधनास दिलेली देणगीही या खर्चात धरता येते. १९३३ साली सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागास उद्योगपतींच्या देणग्यांनी आणि अध्यासनांनी बळ दिले व त्या विभागाने रासायनिक उद्योगास पिढ्यान्‌पिढ्या तज्ज्ञ पुरविले, ही परंपरा महाराष्ट्रातच आहे. पट्ट्यातील एखाद्या कंपनीने राज्य विद्यापीठातील एका उपकरणाच्या दहा वर्षांच्या देखभालीचा किंवा चार-पाच अधिछात्रवृत्त्यांचा भार उचलला, तरी त्याचा परिणाम दिसू लागेल. मात्र देणगी देताना उत्तर आधी ठरवून मागू नये. प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य संशोधकाकडे राहिले तरच ते मूलभूत संशोधन राहते.

शासनाचे अनुदान, उद्योगांची देणगी आणि विद्यापीठांचा हिशेबी व तत्पर कारभार, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या पाहिजेत. विद्यापीठांनीही उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेवर पाठविणे, उपकरणे इतरांस वापरू देणे आणि आपले काम लोकभाषेत लोकांस समजावून सांगणे, ही आपली जबाबदारी मानली पाहिजे. ज्यांच्या करातून हा खर्च होतो त्यांना त्याचा हिशेब समजण्याचा अधिकार आहे.

पिंपरीच्या ज्या मातीत तो सूक्ष्मजीव सापडला ती माती शतकानुशतके तेथेच होती. त्या मातीची चिमूट उचलून तिच्यात काय आहे हे ओळखणारा अभ्यासू माणूस, त्याला शिकविणारी विद्यापीठे आणि त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक देणारी संस्था यांचा योग आला, तेव्हा गावाचे नाव शास्त्राच्या ग्रंथांत गेले. आज या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाच्या अंगी तशी नजर आहे, हे आपणांस ठाऊक नाही. ज्या विभागात ते शिकत आहेत त्या विभागाची प्रयोगशाळा वर्षभर चालू ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.